नसलेला बिघाड

चढाच्या मधोमध बाईंची गाडी खोकली, दोनदा हिसके दिले आणि गप्प झाली. मागे भोंग्यांचा एकच गदारोळ! बाई शाळेत चित्रकला शिकवायच्या; गाडी वडिलांच्या तरुणपणीची, त्यांच्याइतकीच हट्टी. तेवढ्यात समोरच्या गॅरेजमधून हात पुसत एक तरुण आला आणि न विचारता बॉनेट उघडून आत वाकला.

"पेट्रोल येतंय, पण ठिणगीच पडत नाहीये."

"मग आता?"

"आता तुम्ही सावलीत बसा. मी हिची समजूत काढतो."

त्याने ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे काळवंडलेले पॉइंट घासले, प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि बाईंना किल्ली फिरवायला लावली. तडकन निळी ठिणगी उडाली. बाईंनी मात्र बॉनेटखालच्या फटीतून त्याचा उजळलेला चेहराच पाहिला… आणि त्यांची विकेट तिथेच पडली.

गॅरेजात त्याला सगळे 'वैद्य' म्हणत. नुसता कान लावून तो इंजिनाचं दुखणं सांगायचा. म्हातारे उस्ताद गॅरेज त्याच्याच हवाली करणार होते, आणि त्याचंही तेच एक स्वप्न होतं.

गाडी ठणठणीत झाली आणि बाईंची पंचाईत झाली. आता जायचं कुठल्या निमित्ताने? आठवडाभरात त्या पुन्हा दारात हजर.

"परत हिसके देतेय."

"कधी?"

"चढावर… गरम झाल्यावर… म्हणजे, कधी कधी."

तो शेजारी बसला. बाईंनी गाडी चढावरून दोनदा नेली. काचेवर भुरभुर पाऊस, आणि तो डोळे मिटून इंजिन ऐकतोय. त्याच्या पापण्या किती लांब आहेत, हे बाईंना तेव्हा कळलं.

"माझ्यासमोर अगदी शहाण्यासारखी वागते ही," तो म्हणाला.

"तुमच्यासमोर सगळ्याच वागत असतील."

"सगळ्याच कुठे? तुम्ही तर रस्ता सोडून माझ्याकडे बघताय!"

त्याने कंडेन्सर बदलला. मग कॉइल. मग वायरी. दर वेळी बाई म्हणायच्या, "छे हो, तसंच होतंय," आणि मनात हसायच्या. एक खोटं पचलं की दुसऱ्याला धीर येतो. तो हल्ली कमी बोलतो, हे त्यांना दिसलं; पण प्रेमात माणसं गप्प होतातच, असं म्हणून त्या मनातल्या मनात खूशच झाल्या. वेड्याच त्या!

मग एका दुपारी, आज सांगूनच टाकायचं असं ठरवून त्या आल्या, तर तो बॅग भरत होता.

"परगावी चाललाय," उस्ताद म्हणाले. "कंपनीच्या वर्कशॉपमध्ये. तिथे म्हणे मशीनच बिघाड सांगतं. मी किती समजावलं, अरे, त्या गाडीत काही नाही. तर म्हणतो, बाई कशाला खोटं बोलतील? माझाच कान गेला. गॅरेज नको म्हणून हटूनच बसला. शेवटी काल मी दुसऱ्याला शब्द दिला."

बाई धावतच त्याच्यापाशी गेल्या.

"गाडीत काही नव्हतं. तुम्ही पॉइंट घासलेत ना, तेव्हापासून ती झकास चालतेय."

क्षणभर त्याचा चेहरा पहिल्या दिवसासारखा उजळला.

"म्हणजे मला बरोबर ऐकू येत होतं?"

"हो."

"मग… का?"

"तुम्ही आवडता म्हणून. दुसरं कुठलं निमित्तच नव्हतं हो माझ्याकडे! नका ना जाऊ… मी उस्तादांच्या पाया पडते."

"उस्ताद दिलेला शब्द मोडत नाहीत." त्याने बॅगेची चेन लावली.

"रागावलात?"

"नाही. मलाही तुम्ही… फार आवडायचात. म्हणून तर तुमच्या शब्दापुढे मी माझा कान खोटा ठरवला. आता तुम्ही हे म्हणताय, तेही अगदी खरं वाटतंय. पण बाई, तुमचं ते 'तसंच होतंय'ही असंच खरं वाटलं होतं."

हे खरं आहे हो, अगदी खरं, असं बाईंना ओरडून सांगायचं होतं. पण याच आवाजात, असेच डोळ्यांत डोळे घालून, त्या आजवर खोटं बोलत आल्या होत्या. त्याने उस्तादांना वाकून नमस्कार केला, बॅग खांद्याला लावली आणि तो पावसात उतरून गेला.