पाचवी खाट

तुम्ही खोटं बोललात. कंपनीच्या छापील कागदावर, सहीशिक्क्यानिशी खोटं बोललात. "यानातील पाचवी खाट ही केवळ सजावट आहे. तेथे पात्र घालण्याची सोय खेळात नाही," असं तुमच्या ग्राहक विभागाने मला कळवलं. या दोन ओळी यायला चार महिने लागले. आम्ही चाहत्यांनी तुमच्या खेळाचं आमच्या भाषेत फुकट भाषांतर केलं, तेव्हा ते काढून टाका म्हणणारी तुमच्या वकिलाची नोटीस मात्र तिसऱ्या दिवशी आली होती. ते रडगाणं आज गात नाही. घडलं ते ओळीने सांगतो. मग उत्तर द्या.

मी व्हिडिओ गेमची जुनी यंत्रं दुरुस्त करतो. शाळा दहावीत सुटली. सोल्डरिंग आणि जपानी अक्षरं, दोन्ही तुमच्याच खेळापायी शिकलो. शिकवायला कोणी मास्तर नव्हता. दुकानात एक टेबल, एक भिंग, एक काचेच्या नळीचा जुना टीव्ही आणि तीन स्टुलं. शनिवारी दुपारी त्या स्टुलांवर तुमचे चाहते बसतात. केस पिकलेली माणसं. विषय एकच.

तुमच्या तरुण कर्मचाऱ्यांना कदाचित खेळ ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. एक ग्रह विझत चाललाय. चार जण एका यानापर्यंत पोचतात. त्यांची नावं खेळणाऱ्याने ठेवायची, चार अक्षरांच्या आत. यानात खाटा पाच. यानाचा संगणक म्हणतो, "जागा भरल्या की निघू." चौघं झोपतात, पडदा काळा होतो, खेळ संपतो. यान सुटताना आजवर कोणी पाहिलेलं नाही. तीस वर्षं आम्ही त्या पाचव्या खाटेवरून भांडतोय.

आता कामाची पद्धत. खेळाच्या कॅसेटमध्ये नाण्याएवढी बॅटरी असते. जिथवर खेळलो ती नोंद तिच्यावर जगते. बॅटरी मेली की नोंद पुसली. म्हणून जुनी काढण्याआधी बाहेरून वीज जोडायची, मग जुनी उतरवायची, नवी बसवायची. आणि आमच्यात एक रिवाज आहे: कॅसेटच्या डबीत चिठ्ठी ठेवायची. कोण, कुठे, कितव्या लेव्हलला, किती तास. खेळ थांबवला की चिठ्ठी लिहायचीच. मी अशा दोनशेच्या वर बॅटऱ्या बदलल्यात. एकही नोंद गेली नाही.

ताईची कॅसेट भाचीने आणली. ताई माझी थोरली बहीण, रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये होती. गेल्या वर्षी गेली. भाची तिची एकुलती एक. कपाट आवरताना डबी सापडली म्हणाली.

"मामा, यात आईचं काहीतरी आहे ना?"

"नोंद आहे. तिने खेळलेली."

"ती पुसली जाऊ देऊ नकोस. आईचे कपडेसुद्धा बाबांनी देऊन टाकले. माझ्याकडे एवढंच आहे."

"मी काय आज काम करतोय?"

"म्हणूनच सांगतेय. तू गप्पा मारत काम करतोस."

डबीत ताईच्या अक्षरातली चिठ्ठी होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची तारीख. त्यानंतर ताईचं लग्न झालं, यंत्र विकलं, कॅसेट तेवढी राहिली. 'बाबा ४१. आई ४१. ताई ४२. बोका ४०. शेवटचं बंदर. ६१ तास १२ मिनिटं.' बोका म्हणजे आमचा बोकाच. चौथी जागा तिने मला न देता त्याला दिली, यावरून मी दोन दिवस जेवलो नव्हतो. तेव्हा म्हणाली होती, "रडू नकोस रे. पाचवी खाट राखून ठेवते तुझ्यासाठी."

शनिवारी कॅसेट टीव्हीला लावली. नोंद होती. जागा मात्र शेवटचं बंदर नव्हती, उड्डाणतळ होती. तास ६३. मी म्हटलं, ताई नंतर थोडं खेळली असेल, चिठ्ठी बदलायची राहिली असेल.

आमच्यातले एक दातांचे डॉक्टर आहेत. माणसाचा जबडा बघावा तसा ते पडदा बघतात.

"मिस्त्री, हे लेव्हल कसले? बासष्ट, सत्तर, अठ्ठेचाळीस, चौदा?"

"काय झालं त्यात?"

"अहो, चौघं एकत्र लढतात, एकत्र वाढतात. दोन-तीनचा फरक पडेल. सत्तर आणि चौदा? आणि चिठ्ठीत तर बोका चाळीस आहे. या खेळात लेव्हल उतरतो कुठे?"

उतरत नाही. तुम्हालाही माहीत आहे.

"बॅटरी मरायला टेकलीय. आकडे बिघडले असतील," मी म्हणालो.

"नेमके असेच बरे बिघडले. पाचव्या खाटेवर कोणी झोपलंय का बघा, म्हणजे भांडण तरी मिटेल."

यावर सगळे हसले. मग वाद पेटला. वाद घालत मी कॅसेट उघडली, सोल्डरिंगची इस्त्री तापवली, आणि जुनी बॅटरी उतरवली. उतरवून हातात घेतली तेव्हा लक्षात आलं, बाहेरची वीज जोडलेलीच नव्हती. नवशिका करतो ती चूक.

डॉक्टरांनी कपातला चहा तसाच खाली ठेवला. एकेक जण उठून गेला. मी चाळीस मिनिटं बसून होतो, भाचीला काय सांगायचं ते जुळवत. मग हात चालू राहावा म्हणून नवी बॅटरी बसवली आणि यंत्र लावलं.

नोंद होती.

६३ तास ४० मिनिटं.

त्या कॅसेटमध्ये घड्याळ नाही. मी भिंगाखाली दोनदा पाहिलं. वेळ मोजेल असा एकही भाग त्यात नाही.

नवी चिठ्ठी लिहायला घेतली. रिवाज म्हणजे रिवाज. बाबा ६२. आई ७०. ताई ४८. इथे पेन थांबलं. बाबा गेले तेव्हा बासष्टचे होते. आई सत्तरची. बोका चौदा वर्षं जगला, मी स्वतः त्याला अंगणात पुरलंय. ताईचं सांगायला नको.

मी यानात शिरलो. चार खाटांवर ठिपक्या-ठिपक्यांनी काढलेली चार माणसं. पाचवीवर पांघरूण होतं.

खरं सांगतो, मी घाबरलो नाही. म्हटलं, ताईने शब्द पाळला. माझं वय त्रेचाळीस. आकडा कितीही निघाला तरी बघून घेऊ.

तेवढ्यात भाची आली. क्लासवरून थेट, पाठीवर दप्तर. मी पडदा बंद करायला हवा होता. तिने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. तुमची अक्षरं मीच तिला शिकवलीत.

"मामा!" ती हसली. "यात मी आहे!"

मी भिंग पुसत राहिलो.

"अरे बघ ना, खारू लिहिलंय. मला खारू फक्त आई म्हणायची. तिने माझं नाव घातलंय!" तिचे डोळे भरून आले. "आणि तू म्हणालास, लग्नानंतर ती खेळलीच नाही."

"नाही खेळली."

"मग हे काय आकाशातून पडलं? मी खेळू? एकदाच. 'पुढे चालू' दाबते."

"हात लावू नकोस."

मी तिच्यावर कधी ओरडत नाही. ती दचकली. दुरुस्ती बाकी आहे म्हणून सांगितलं आणि तिला घरी पाठवलं.

त्या दिवशी नवी बॅटरीही काढली. कॅसेट नऊ दिवस उघडी, बिनबॅटरीची, टेबलावर पडून होती. दहाव्या दिवशी लावली. २८० तास. पाचही जण जागच्या जागी. मग तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं.

भाची रोज फोन करते. "मामा, झालं का? आईने बोलावल्यासारखं वाटतंय रे, आणि तू कुलपात ठेवलंयस." कुलपातच ठेवलंय. मोडून टाकायला दोनदा हातोडी उचलली. पण मोडली की खाट रिकामी होते, की जे आहे ते कायमचं होतं, हे मला माहीत नाही. ते तुम्हालाच माहीत असणार. खाट तुम्ही बनवलीत. ते वाक्य तुम्ही लिहिलंत.

सजावट म्हणता ना? सोबत पडद्याचा फोटो जोडलाय. पाचव्या नावापुढचा आकडा वाचा. सतरा.

भाची सोळाची आहे. येत्या अकरा तारखेला तिला सतरावं पूर्ण होतं.

पाचव्या खाटेवरचं नाव कसं काढायचं? वकील नको, ग्राहक विभाग नको. ज्याने ती खाट रेखाटली त्याला विचारा, आणि अकरा तारखेच्या आत मला कळवा.