सोमवारचा हुंकार

सोमवार होता, म्हणून हेमलताबाई सकाळी सातलाच बेल आणायला खाली उतरल्या. सर्जापूर रोडवरच्या त्यांच्या सोसायटीच्या फाटकाशी यल्लव्वा फुलांची टोपली घेऊन बसते. तिनं पानं निवडून द्रोणात घातली आणि आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाली, "आज स्वल्पच आले अक्का, अकरा. पण फाटका एक नाही."

"सरी, ठीक," असं तिच्याच कानडीत म्हणत हेमलताबाईंनी तरीही एकेक पान उजेडाकडे धरून पाहिलं. एकतीस वर्षं सोमवार केलेली बाई. यल्लव्वावर विश्वास होता, पण देवाला द्यायची वस्तू आपल्या डोळ्यांनी बघावी, एवढंच.

चौदाव्या मजल्यावर येऊन दार उघडलं, तर ध्रुव, त्यांचा मुलगा, ऑफिसचे बूट घालूनच जेवणाच्या टेबलाशी उभा होता. त्याच्यापुढे त्याच्या वडिलांचा, रत्नाकररावांचा, लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर कुठलासा निळा डोंगर होता, आणि डोंगराखाली काही म्हणजे काही नव्हतं.

"आई, हे बघ. बाबांचा लॅपटॉप नवाकोरा करून दिला तुला."

"बूट काढ आधी."

"निघालोच आहे गं. ऐक ना. हा आहे नऊ वर्षांचा. नवी सिस्टीम याच्यावर चढतच नव्हती. प्रोसेसर जुना, सुरक्षेची चिप जुनी, शंभर चौकश्या. मी पेनड्राइव्हवरून सगळ्या चौकश्यांना बगल दिली. विचारलंच नाही, सरळ आत." तो स्वतःवरच खूश होऊन हसला. "आता तुझा फोनही याला जोडलाय. फोन देवघरात पडलेला असला तरी कॉल इथून लागतो. पूर्वी हा चालू होईपर्यंत तुझा उपास सुटायची वेळ व्हायची."

हेमलताबाईंनी द्रोण हळूच खाली ठेवला. "आणि आतलं?"

"आतलं काय?"

"सोमवारची कहाणी. बाबांची."

हे सांगायला हवं, कारण ध्रुवलाही ते धड माहीत नव्हतं. या घरची रीत अशी की सोमवारी कहाणी झाल्याशिवाय अन्न शिवायचं नाही. कहाणी एकट्यानं होत नाही. एकानं सांगायची, दुसऱ्यानं हुंकार द्यायचा. रत्नाकरराव सांगत आणि हेमलताबाई पाटावर बसून "हं... हं..." म्हणत. सरकारी कारखान्यातल्या नोकरीपायी त्यांना फिरतीवर जावं लागे, म्हणून लॅपटॉप घेतला त्याच वर्षी एका सोमवारी त्यांनी त्याच्यासमोर बसून ती सांगितली आणि भरून ठेवली. त्यांचा किंचित सर्दीचा, खर्जातला आवाज, पोथीचं पान उलटल्याची सळसळ, आणि मधूनमधून हेमलताबाईंचे हुंकार. दोन वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून दर सोमवारी हा लॅपटॉप अर्धा तास कण्हत चालू होई, आणि बाई त्याच्यापुढे पाट मांडून बसत. त्यांचा आवाज दुसरा कुठेही नव्हता. फोनमध्ये नव्हता, लग्नाच्या कॅसेटमध्ये नव्हता. फक्त इथे.

ध्रुवचा चेहरा उतरला. "मी... सगळं पुसूनच टाकलं, आई. ऑफिसच्या जुन्या फायली वाटल्या."

"विचारलंस?"

"मला वाटलं तुला सोपं होईल."

"विचारलंस का, ध्रुव?"

त्यानं घड्याळ पाहिलं. "संध्याकाळी येऊन बघतो, काही परत मिळतंय का. वायर काढू नकोस, बॅटरी गेलीये त्याची." आणि तो गेला. फरशीवर बुटांचे ठसे राहिले.

व्रताच्या दिवशी राग करू नये म्हणतात. हेमलताबाईंनी तो केला नाही, गिळला. गिळलेल्या रागानं उपास मोडतो का, हे मात्र कुठल्याच पोथीत लिहिलेलं नाही. त्यांनी ठसे पुसले. ताम्हन घासलं, मग समया घासल्या, मग घासलेलं ताम्हन पुन्हा घासलं. हातांची कातडी चुरचुरली तरी राग काही उतरेना. टेबलावर लॅपटॉपचा पंखा दिवसभर घरघरत होता, आणि घरात तापलेल्या धुळीचा वास हळूहळू भरत चालला होता.

साडेपाचला आभाळ इतकं उतरलं की समोरची इमारतही दिसेना. हेमलताबाईंनी पूजा मांडली, बेल वाहिला, समई लावली. मग सवयीनं लॅपटॉप उचलून आणला, वायर भिंतीत खोचली आणि तो चालू करून पाटासमोर ठेवला. ठेवल्यावर आठवलं, आता तो मुका आहे.

सकाळी ध्रुवनं सांगितलं होतं तसं त्यांनी लॅपटॉपवरूनच त्याच्या नावावर टिचकी मारली. कॉल लागला.

"ध्रुव, दहा मिनिटं ऐकशील? मी सांगते कहाणी. तू नुसतं हं म्हण."

"आई, मीटिंगमध्ये आहे मी," तो कुजबुजला. "नेटवर लाव ना एखादी. हजारो असतील." कॉल बंद झाला.

हजारो असतील. त्या शब्दांनी बाईंचं डोकं तडकलं.

ऐकायला माणूस नसेल तर सुपारी मांडतात, देवाचं नाव घेऊन त्याला बोलावतात, हातात अक्षता धरतात आणि मग सांगतात. हेमलताबाईंनी अक्षता घेतल्या. सुपारी मांडली नाही. नाव कुणाचंच घेतलं नाही. अक्षता त्या निळ्या पडद्यावर भिरकावल्या आणि दात आवळून म्हणाल्या, "कुणीही असो. या, बसा, ऐका."

मग त्यांनी सुरुवात केली. "आटपाट नगर होतं. तिथे एक राजा होता..."

"हं."

समईची ज्योत सरळ होती. छताचा पंखा बंद होता. हेमलताबाईंनी मागे पाहिलं. कुणी नव्हतं. आवाज लॅपटॉपमधून आला होता, आणि तो त्यांचाच होता. नऊ वर्षांपूर्वीचा, भरल्या घरातला, किंचित हसरा हुंकार.

त्यांच्या मनात आशा सरकन वर आली. माझा हुंकार राहिला असेल, तर त्यांचा आवाजही कुठेतरी राहिला असेल. मुलाला यंत्रातलं सगळं थोडंच कळतं. त्या वाट पाहत गप्प बसल्या. आता ते बोलतील. आता...

बराच वेळ गेला. मग लॅपटॉपमधून, त्यांच्याच आवाजात, आलं, "पुढे?"

असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या. भरलेल्या कहाणीत ते नव्हतं. एकेक श्वास त्यांना पाठ होता.

उठावंसं वाटलं. पण सुरू केलेली कहाणी अर्धवट टाकून पाटावरून उठायचं नाही, ही एकतीस वर्षांची शिस्त. त्या सांगत राहिल्या. राजाला मूल नव्हतं. हं. राणीनं शंकराला साकडं घातलं. हं. प्रत्येक हुंकार मागच्याहून थोडा जवळून येत होता. आधी पडद्यातून, मग पडद्याच्या अलीकडून. आणि प्रत्येक हुंकारासरशी बाईंना भीतीपेक्षा रागच जास्त येत होता. हवा होता तो आवाज पुसला गेला. नको तो राहिला, माझाच.

अखेर राग फुटला. राजाच्या वाक्याच्या मध्येच. "बूट घालून घरात शिरतोस, ध्रुव. बापाचा आवाज पुसतोस. आणि एका शब्दानं विचारावंसं वाटलं नाही तुला. एका शब्दानं." व्रताच्या दिवशी, कहाणीच्या पोटात, त्या ओरडल्या. त्यांनी लॅपटॉप धाडकन मिटला, वायर भिंतीतून ओढून काढली आणि पाटावरून उठल्या.

सातला ध्रुव आला. या वेळी बूट दाराबाहेर काढलेले होते. तोंड पांढरंफटक, डोळे लाल. फोन त्यानं दोन्ही हातांनी धरला होता, प्रसाद धरावा तसा.

"आई, सापडली ना तुला? बाबांची कहाणी."

"काय बोलतोस?"

"तू पावणेसहाला परत कॉल केलास. मी उचलला तर बाबा सांगत होते. आटपाट नगर. मी मीटिंग सोडून जिन्यात जाऊन बसलो. दोन वर्षांनी ऐकला गं आवाज." त्याला हुंदका आवरेना. "मग ते माझ्यावर रागावले. बूट घालून घरात शिरतोस म्हणाले. एका शब्दानं विचारावंसं वाटलं नाही का म्हणाले. आई, हे त्यांना कसं..."

"ते मी बोलले, ध्रुव. मी. इथे, पाटावर बसून."

"नाही आई. तू फक्त हं म्हणत होतीस."

मग ध्रुवनं फोन पुढे केला. पडद्यावर 'आई' असं नाव होतं आणि त्याखाली मिनिटं सरकत होती. एक तास सतरा मिनिटं. कॉल अजून चालूच होता.

"अजून सांगतायत," तो म्हणाला, आणि त्यानं स्पीकर लावला.

हेमलताबाईंनी कान दिला. फोनमध्ये शांतता होती. मग त्यांच्याच आवाजात, "हं." पुन्हा शांतता. "हं." ध्रुवच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तो मान डोलावत ऐकत होता, लहानपणी ऐकायचा तसा.

"काय म्हणतायत?"

"ऐक ना. राणीला देवळात..."

"मला ऐकू येत नाही." त्यांचा आवाज चिरला. "मला का ऐकू येत नाही? पुसलंस तू, आणि ऐकतोसही तूच? माझं होतं ते. माझं."

ध्रुवनं हात वर करून त्यांना थांबवलं. त्याची मान डोलायची थांबली होती.

"काय झालं?"

"थांबलेत. कहाणी थांबवली." तो अगदी हळू बोलत होता. "विचारतायत काहीतरी. म्हणतायत... हेमा तर तुझ्यासमोर उभी राहून भांडतेय. मला तिचं बोलणं येतंय ऐकू."

"मग?"

"म्हणतायत, मग इथे माझ्यासमोर बसून हुंकार कोण देतंय?"

आत, देवघरात, वायर काढलेला लॅपटॉप पाटासमोर मिटलेला होता. त्याच्या बाजूनं पाट किंचित सरकल्याचा आवाज झाला, बसलेल्या माणसानं मांडी बदलावी तसा. आणि मग हेमलताबाईंच्याच आवाजात, लाडीगोडीनं, कुणीतरी म्हणालं,

"अहो... तिच्याकडे कशाला बघता? पुढे सांगा ना."