पालथी देग

माझं बालपण जैतापूरच्या बंदरात गेलं. अब्बा नाखवा, स्वतःच्या गलबताचे मालक. ओढून ठेवलेल्या होड्यांआड आम्ही लपंडाव खेळायचो आणि फळ्यांना माशाचं तेल चोपडणाऱ्या खलाशांच्या शिव्या खायचो. अब्बांचं शीड खाडीच्या तोंडाशी दिसलं की मी गुडघाभर पाण्यात धावत सुटायची. ते मला उचलून थेट खांद्यावर बसवायचे. पुढे मी मुलींच्या शाळेत गणित शिकवलं; भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. पण गैबीमामाच्या लग्नाचं गणित मला सुटलेलं नाही, आणि सुटू नये असंच मनातून वाटतं.

गैबीमामा अम्माचा धाकटा भाऊ, कोल्हापूरचा. शाहू महाराजांची कारकीर्द होती, शाहूपुरीत गुळाची पेठ भरात होती आणि मामा तिथं अडतीवर होता. त्याच्या लग्नाला अम्मा आणि मी बैलगाडीनं घाट चढून आलो. अब्बा मुंबईला माल उतरवून मागोमाग यायचे होते. निघताना मला म्हणाले, "लग्नाचा पुलाव तुझ्याशेजारी बसून खाणार." मी आल्यागेल्याला हेच सांगत होते.

लग्नाच्या दिवशी अख्खी पेठ आमच्या मांडवात लोटली. दुपारची पंगत उठल्यावर शेजारच्या बायडाबाईंनी हौसेनं भांडी घासली आणि निथळायला अंगणात पालथी घातली. ते बघून अम्मा धावली आणि एकेक भांडं उताणं करत सुटली.

"अगं, पाणी निथळाय नगं व्हय?" बायडाबाई म्हणाल्या.

"माणूस दर्यात हाय, वैनी. आमच्यात तवर भांडं पालथं घालत न्हाईत. गलबत उलटतंय."

"कोल्हापुरात कुठला आलाय दर्या?"

बायका खो खो हसल्या. अम्माही हसली, पण हात थांबले नाहीत.

पुलावाची मोठी तांब्याची देग मात्र मांडवामागं तशीच पालथी राहून गेली होती. आम्ही पोरं तिच्यावर चढून गलबत-गलबत खेळत होतो. नाखवा अर्थात मी.

तेवढ्यात पायाखाली ठकठक झालं. तांबं निवताना वाजतं, हे मी आज सांगू शकते. मग काठाखालून पाणी झिरपलं. नुकत्याच घासलेल्या भांड्यातून ते येणारच. मी बोट बुडवून चाटलं.

खारट होतं.

माशाच्या तेलाचा वास सुटला. ठकठक आता घाईची झाली होती.

मी अम्माला हाक मारली. ती आली आणि पांढरीफटक पडली. तिच्या ओरडण्यानं मामा नवरदेवाच्या कपड्यांतच धावला. गड्यांनी जोर लावून देग उताणी केली.

आत काही नव्हतं. तळ कोरडा होता.

दिवेलागणीला अब्बा आले. चिंब भिजलेले.

"घाटात पाऊस लागला," म्हणाले.

आभाळात ढग नव्हता, पण विचारतो कोण? मी केव्हाच त्यांच्या खांद्यावर होते. माझ्याशेजारी बसून त्यांनी पुन्हापुन्हा पुलाव मागून घेतला. मामा तर चक्क नाचला. इतकं सुखी घर मी नंतर पाहिलं नाही.

अब्बा परत गेलेच नाहीत. "दर्या पुरे झाला," म्हणाले आणि मामाच्या अडतीवर बसू लागले.

काही दिवसांनी आमच्या गलबतावरचा खलाशी रफिक दारात उभा राहिला. अब्बा मागं विहिरीवर अंघोळ करत होते. रफिकनं अम्माला खाली बसवलं. लग्नादिवशी गलबत खाडीच्या तोंडाशी उलटलं होतं.

"नाखवा दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागले, भाभी. या हातांनी माती दिली त्यांना."

अम्मा रडली नाही. विहिरीवर बादली वाजत होती. तिनं जरा वेळ ती ऐकली.

"लांबनं आलाईस, जेवून जा," ती म्हणाली. "आन ह्ये कुठं बोलू नगंस."

रफिक पानावर बसला. अब्बा अंग पुसत आत आले आणि हौसेनं स्वतः वाढायला लागले. रफिकनं मान वर केली नाही. ताटात भाताचा ढीग झाला तरी तो पुरे म्हणेना.

अब्बांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"पोटभर खा," ते मायेनं म्हणाले. "त्या दिवशी खणून खणून दमला होतास."