आठवी रेषा

ही गोष्ट खरी आहे. पटवून द्यायची हौस कोणालाच नाही, निकिताला तर मुळीच नाही.

गेल्या वर्षी, बारा डिसेंबर. पुण्यातली एक प्रयोगशाळा. दुपारचे दोन चाळीस... बाहेर लख्ख ऊन.

विश्रांतवाडीची निकिता अवकाश दुर्बिणीच्या क्ष-किरण डिटेक्टरवर काम करते. नोव्हेंबरात तो डिटेक्टर इंदूरच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे क्ष-किरण तयार करणाऱ्या मोठ्या यंत्रावर, नेला होता. तिथल्या किरणांची ऊर्जा नेमकी ठाऊक असते, त्यावरून डिटेक्टर बरोबर वाचतोय का ते कळतं. आठ ऊर्जा तपासायच्या होत्या. सात झाल्या.

आठवी मोजायची त्या सकाळी तिचा सहकारी समाधान गेला. हार्ट अटॅक. वय छत्तीस.

बारा डिसेंबरच्या त्या दुपारी पुण्यात ती एकटीच होती. डिटेक्टर बंद पेटीत, पेटीतली हवा खेचणारा पंप चालू, समोर किरणांचा कुठलाही स्रोत नाही. स्क्रीन कोरी राहायला हवी होती.

अचानक पंपाची घरघर थांबली.

पेटीतल्या दाबाचा काटा मात्र हलला नाही...

मागे टेबलावर पेन आपटलं. टक. टक.

मोजणी सुरू करण्याआधी समाधान असंच करायचा.

ती वळली. कोणी नाही.

स्क्रीनवर एक रेषा वर चढत होती... सरळ, स्वच्छ. चॅनेल सहाशे चौदा. चॅनेल म्हणजे ऊर्जेचा कप्पा, आणि हा राहिलेल्या आठव्या ऊर्जेच्या आसपासचाच.

निकिता मोठ्याने म्हणाली, "समाधान, हे मी धरणार नाही. किरण कुठून आले माहीत नाही, तर आकडाही नाही."

टक. टक. अगदी कानाशी...

"दहा वेळा वाजव. नाही म्हणजे नाही!"

रेषा थांबली. पंप सुरू झाला.

तिच्या प्रमुख शर्मिला मॅडम आलेख बघून खूश. "छान आलंय की! टाक तक्त्यात. इंदूरला पुन्हा वेळ मिळायला वर्ष जाईल."

"जाऊ दे ना वर्ष," निकिता म्हणाली. "दुर्बीण वर गेल्यावर दुरुस्तीला कोण जाणार आहे, आपण?"

मार्चमध्ये कोणाचा तरी रद्द झालेला वेळ तिने भांडून मिळवला. इंदूर गाठलं. आठवी ऊर्जा मोजली.

चॅनेल सहाशे चौदा.

"आता ती डिसेंबरची नोंद काढून टाक," मॅडम म्हणाल्या. "लोक हसतील."

"हसू देत, मॅडम. दिसलं ते लिहिलंय."

नोंदवहीत ते पान अजून आहे. 'स्रोत नाही. रेषा दिसली. कारण माहीत नाही.' खाली तिची सही.

त्या खोलीत एकटीने बसायला भीती वाटते का, असं विचारलं की ती म्हणते,

"वाटते. म्हणून काय खोटं लिहू?"