केसाएवढी फट

डॉक्टरीणबाई रोज सकाळी साडेआठला पडदे ओढलेल्या खोलीत बसून कानांचे सीटी स्कॅन वाचत. वीस वर्षांत नजर अशी सरावली होती, की एक रिपोर्ट चार मिनिटांत हातावेगळा होई.

सहा महिन्यांपूर्वी शिवणकाम करणाऱ्या एक आजी येऊन गेल्या होत्या. "डोळे फिरवले की कापडावर कात्री चालल्यासारखं ऐकू येतं," त्या म्हणाल्या. बाईंनी हसू दाबलं, चित्रं भराभर सरकवली आणि लिहून टाकलं : दोन्ही कान निर्दोष.

आज विद्यार्थ्यांसाठी जुनी चित्रं चाळताना त्यांना आजींच्या स्कॅनमध्ये एक फट दिसली. उजव्या कानात, तोल सांभाळणाऱ्या नळीवरच्या हाडात, केसाएवढी. असल्या फटीमुळे माणसाला स्वतःचे डोळेसुद्धा ऐकू येतात, हे त्या दरवर्षी शिकवत.

बाईंनी आजींच्या घरी फोन लावला. सून म्हणाली, "कान चांगले निघाले, म्हणून डोक्याची औषधं सुरू केली. शिवणयंत्रही उचलून ठेवलंय. दिवसभर पडून असतात."

"पुन्हा एकदा स्कॅन करू," बाई म्हणाल्या. कारण न सांगताच त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आजी सुनेचा दंड धरून, पाय ओढत आल्या. स्कॅनच्या टेबलावर निजल्या. काचेमागे बाई उभ्या होत्या. माइक बंद होता. पडद्यावर चित्रं उमटू लागली. फट तिथेच होती.

माझी चूक झाली हो, आजी, बाई मनात म्हणाल्या.

"कळलं," स्पीकरमधून आजींचा आवाज आला. "पण ते सुनेसमोर म्हणा."

तंत्रज्ञ दचकला. "कुणाशी बोलताहेत या?"

"औषधाची गुंगी असेल," बाईंच्या तोंडून निघून गेलं. जीभ झडून जावी, असं त्यांना वाटलं.

आजींनी फक्त डोळे मिटले.

बाई तडक बाहेर आल्या. सून बाकावर बसली होती.

"चूक माझी आहे. तुमच्या सासूबाई खरंच सांगत होत्या. मी नीट पाहिलंच नाही."

सून त्यांच्या ओठांकडे पाहत राहिली. "काय म्हणालात?"

बाईंनी पुन्हा सांगितलं. मग मोठ्याने. मग घसा फुटेस्तोवर.

"आवाज बसलाय का तुमचा?" सुनेने संकोचून विचारलं. "नुसते ओठ हलताहेत."

आतून तंत्रज्ञ धावत आला.

"मॅडम, आजींनी दोन्ही कान गच्च दाबून धरलेत. म्हणताहेत, बाईंना म्हणावं, जरा हळू."