कमानीची उजवी बाजू

त्या सोमवारी कापसाचे बोळे आणि ब्रशचा डबा घेऊन मी नेहमीसारखी सभागृहात गेले. बाहेर लख्ख ऊन होतं. आत मात्र एकही खिडकी नाही, त्यामुळे दिवा लावेपर्यंत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नसे. जुन्या पडद्यांचा कोंदट वास यायचा.

रंगमंचाच्या कमानीवर शंभर वर्षांपूर्वी रंगवलेली सोनेरी वेल होती. ती पूर्ववत करायचं काम मी आणि ताईने मिळून घेतलं होतं. डावीकडून मी सुरुवात करायची, उजवीकडून तिने, आणि मधोमध भेटायचं, ही आमची जुनी रीत. मधली शेवटची आकृती अर्धी अर्धी करायची. "पोचलीस का गं, गोगलगाय?" ती पलीकडून ओरडायची. या वेळी तिची जेमतेम दोन पानं झाली होती. मग एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच ती गेली.

आमच्या कामात उडालेला रंग सरसकट भरत नाहीत. बारीक तिरक्या रेघांनी भरतात, म्हणजे लांबून वेल सलग दिसते आणि जवळून नवं-जुनं ओळखता येतं. माझ्या रेघा उजवीकडे झुकतात. ताई डावखुरी, तिच्या डावीकडे. लहानपणी माझा हात धरून तिनेच मला रेघा शिकवल्या होत्या.

"बाई, उजवीकडचं बरंच उरकलंत की!" वॉचमनकाका म्हणाले.

"तिकडे मी हातही लावलेला नाही, काका."

"मग काय भिंतीला पानं फुटली?" ते हसले.

मी परांचीवर चढले. ताईच्या दोन पानांपुढे आणखी तीन पानं भरलेली होती. रेघा डावीकडे झुकलेल्या. बोट टेकवलं... रंग ओला होता.

घाबरून खाली पळायला हवं होतं. मी तिथेच फळीवर बसून रडले.

"ताई..."

पलीकडची फळी करकरली, उभं राहून अवघडलेल्या माणसाने पाय बदलावा तशी.

मी कुणालाच सांगितलं नाही. रोज सकाळी तिची बाजू थोडी पुढे सरकलेली असायची. दोन्ही बाजू मिळाल्या की ती परत येणार नाही, हे मला कळत होतं. म्हणून मी नको ते केलं. माझीच चांगली भरलेली पानं बोळ्याने पुसायची आणि पुन्हा भरायला घ्यायची.

"तीन आठवड्यांत एक फूल?" सभागृहाचं काम बघणारे इंजिनीअरसाहेब वैतागले. "उद्घाटनाची तारीख ठरलीय, बाई."

शेवटी मधली कळी तेवढी उरली. ताई तिच्यापाशी येऊन थांबली होती. आठ दिवस तिची बाजू तसूभरही हलली नाही. मी ब्रश उचलायचे, ठेवायचे. शेजारी कुणाचा तरी श्वास चालू असायचा... वाट बघणारा.

मी कळी भरलीच नाही. "मूळ रंगाचा पुरावा म्हणून एक जागा तशीच ठेवतात," असं साहेबांना सांगितलं. त्यांना पटलं. परांची उतरली. निघताना मी मागे वळून म्हटलं, "राहू दे गं एवढी."

महिन्याने पाहणीसाठी बोलावणं आलं. कमानीची मधली जागा जमिनीपासून चाळीस फूट उंच, परांचीशिवाय तिथे कुणाचा हात पोचणं शक्य नाही. मी खालून दुर्बीण लावली.

कळी भरलेली होती.

उजव्या अर्ध्या भागात ताईच्या रेघा, डावीकडे झुकलेल्या, ठाम. डाव्या अर्ध्या भागात उजवीकडे झुकलेल्या... माझ्या. माझा हात मी ओळखते. फक्त त्या जरा थरथरत्या होत्या, कुणीतरी माझा हात धरून त्या गिरवून घेतल्यासारख्या.

घरी आल्यावर मी ब्रशचा डबा उघडला. महिनाभर त्याला हात लावला नव्हता.

सगळ्यात बारीक ब्रशचं टोक अजून ओलं होतं.