दुसरं बटण

काम अगदी साधं होतं. मित्राच्या घरातल्या झाडांना आठ दिवस पाणी घालायचं, एवढंच. यात भिण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. चष्मेवाल्यालाही तसंच वाटलं होतं.

मोबाइल खाली ठेवा सगळ्यांनी. गच्चीतला दिवा राहू दे बंद, किडे येतात. आणि धाकटे, माझ्याजवळ बसायचं असेल तर आत्ताच ये. मग अर्ध्यावर उठून माझ्या पायावर पाय देत येऊ नकोस.

तर, चष्मेवाला. माझ्या घड्याळाच्या दुकानाला लागून त्याचं दुकान. मधली भिंत इतकी पातळ की तो शिंकला की मला इकडे भिंग सावरून धरायला लागायचं. सव्वीस वर्षांचा शेजार. घडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, त्याने मला हे सांगितलं. मी सांगतो त्या वेळा पक्क्या समजा, कारण मी खोदून खोदून विचारल्या होत्या.

त्याचा एक मित्र होता. कपडे शिवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे. दोघं एका बाकावर बसून शिकलेले. आणि तेव्हापासून चष्मेवाला मास्तरवर जळायचा.

हसू नका. मैत्री खोटी नव्हती. मास्तर आजारी पडला तर हा रात्र रात्र उशाशी बसायचा. पण मास्तरचं काही चांगलं झालं की याच्या पोटात दुखायचं. मास्तरकडे गिऱ्हाईक हसत जायचं, हसत यायचं. मास्तरच्या घरी कोणीही न सांगता जेवायला बसायचं. मास्तरची एक खोड होती, समोर आलेल्या माणसाच्या शर्टाचं वरून दुसरं बटण चिमटीत धरून ओढून बघायचा. सैल लागलं तर तिथल्या तिथे पक्कं करून द्यायचा. दोरा दातांनी तोडायचा, कात्री हाताशी असली तरी. लोकांना त्याचंही कौतुक. चष्मेवाला म्हणायचा, मी कोणाचा चष्मा नाकावर नीट बसवला तर ते माझं काम, आणि याने बटण ओढलं तर ती माया.

बरं, मास्तर काही घेईल तर शपथ. एकदा चष्मेवाल्याने त्याला हौसेने चांगला चष्मा करून दिला, भेट म्हणून. चार दिवसांत मास्तरने निळ्या रेघांचा शर्ट शिवून याच्या हातात ठेवला. चष्मेवाला मला म्हणाला, "एकदा, फक्त एकदा त्याने माझ्याकडून काही घ्यावं आणि ठेवून घ्यावं. मला एवढंच हवंय. पण नाही. देणारा नेहमी तोच."

सगळ्यात मोठं दुखणं बागेचं. मास्तरच्या घरामागे दहा पावलांचं परसू, त्यात पन्नासेक गुलाब. गुलाबाचा डोळा बांधतात, माहितीये? जंगली गुलाबाच्या खोडाची साल चिरायची, चांगल्या गुलाबाच्या फांदीवरून कोंब फुटायची जागा सालीसकट उचलायची, त्या चिरेत बसवायची आणि बांधून टाकायची. एकवीस दिवसांनी सोडायचं. नाही सोडलं तर बांधलेलं सालीत रुततं आणि कोंब गुदमरतो. बाकीचे प्लॅस्टिकची पट्टी बांधतात. मास्तर कोटाच्या बटणांचा निळा दोरा बांधायचा, मेण ओढलेला. शेवटी तीन वेढे, आणि गाठ आत दडवलेली.

चष्मेवाल्याने त्याच्याकडूनच शिकून घेतलं. तोच चाकू, तोच दोरा. मास्तरचे दहातले नऊ जगायचे, याचे दहाच्या दहा काळे पडायचे. मास्तर चिडवायचा, "डोळ्यांचा धंदा तुझा, आणि डोळे लागतात माझे." हा तोंडदेखलं हसायचा आणि घरी जाऊन कुंडी आपटायचा.

त्या परसात कोपऱ्यात एक झाड होतं. मास्तरला एक मुलगी होती. नऊ वर्षांची. तापाने गेली. जायच्या आधी खेळता खेळता तिने गुलाबाची एक सुकलेली काडी कोपऱ्यात रोवली होती. ती गेल्यावर दोन महिन्यांनी त्या काडीला पान फुटलं. पुढे फूल आलं ते फिकट, कडेला लाल, तसं दुसरीकडे कुठे नव्हतं. मास्तर बाकी बागेतलं काहीही उपटून द्यायचा. हे झाड मात्र नाही. चष्मेवाल्याने तीनदा मागितलं. तीनदा मास्तर म्हणाला, "दुसरं काहीही ने. हिला हात नको लावूस."

आता ऐका. मुलगी गेली त्या दिवशी अख्ख्या गल्लीने दुकानं बंद ठेवली होती. त्याच महिन्यात चष्मेवाल्याचे वडील गेले, तेव्हा मोजून सहा माणसं आली. त्याने मला एकदा सांगितलं, अगदी हळू आवाजात, "मला त्याच्या दुःखाचासुद्धा हेवा वाटला रे." असलं बोलायला धैर्य लागतं. म्हणून मी त्याला कधी वाईट म्हणालो नाही.

मग मास्तरही गेला. सप्टेंबरात, मशीनवर बसल्या बसल्या, शर्टाची कॉलर जोडताना. चष्मेवाला दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मरणसुद्धा कसं सोपं मिळालं बघ त्याला."

नोव्हेंबरात वहिनींना, म्हणजे मास्तरच्या बायकोला, बहिणीच्या ऑपरेशनसाठी जावं लागलं. किल्ली घेऊन त्या याच्या दुकानात आल्या. मी तिथेच होतो.

"भावजी, आठ दिवस झाडांना पाणी घालाल? दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही."

"घालीन की वहिनी. त्यात काय."

"आणि ती कोपऱ्यातली… तिच्या पानांवर पाणी मारू नका. मुळाशीच घाला."

चार दिवस तो सकाळी गेला. पाचव्या दिवशी रात्री गेला. का, ते तुम्हाला कळलं असेल. सकाळी शेजारच्या खिडकीतून परसू दिसतं.

तारीख सतरा नोव्हेंबर, गुरुवार. सात पन्नासला त्याने शटर ओढलं, मी ऐकलं. अंगात तोच निळ्या रेघांचा शर्ट. खिशात चष्म्याची डबी, आणि डबीत चाकू. आठ वाजून चार मिनिटांनी त्याने मास्तरचं कुलूप काढलं. परसात जायला बाहेरून वाट नाही. पुढच्या खोलीतूनच जावं लागतं, जिथे मास्तर शिवायला बसायचा. त्याने दिवा लावला नाही. मोबाइलचा उजेड जमिनीकडे धरला आणि चालत गेला. मशीनवर वहिनींनी जुनी चादर घातलेली होती. मशीन पायाने चालवायचं, भिंतीत बटण दाबून नव्हे, हे ध्यानात ठेवा.

परसात काळोख. चंद्र उगवायला अजून चार तास होते. त्याने नळ थोडा सोडला, कोणी ऐकलं तर पाणी घालतोय असं वाटावं म्हणून. कोपऱ्यातल्या झाडाशी उकिडवा बसला. मोबाइल दातांत धरला. पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडली, तिच्यावर चार चांगले डोळे होते.

तो मला म्हणाला, "खरं सांगतो, मला तेव्हा भीती नाही वाटली. आनंद झाला. म्हटलं, मास्तर, आता बोल."

त्याने फांदी कापली.

नळ बंद झाला.

त्याने बंद केला नव्हता. त्याला वाटलं, टाकीतलं पाणी संपलं असेल. तो तसाच बसून राहिला.

मग आतून आवाज आला.

खट… खट… खट…

पायाने मशीन चालवायला सुरुवात करतात ना, तसा. आधी सावकाश. मग लय लागली. मग भरभर. लांब शिवण मारताना यावा तसा, एकसारखा.

त्याने मोबाइल तोंडातून काढला. हात इतका थरथरला की उजेड भिंतीवर नाचायला लागला. म्हणून त्याने तो विझवला.

मशीन थांबलं.

काही नाही.

मग… कट्. बारीकसा आवाज. दातांनी दोरा तोडल्याचा.

हा आवाज आतून नव्हता आला. त्याच्या उजव्या कानाशी आला होता.

तो हलला नाही. समोर काही दिसत नव्हतं. डोळे उघडे आहेत की मिटलेत, तेही कळत नव्हतं.

आणि छातीवर… शर्ट जरासा पुढे ओढला गेला.

हलकेच. चिमटीत धरून.

दुसरं बटण.

एकदा ओढलं. थांबलं.

पुन्हा ओढलं.

"मास्तर…" तो म्हणाला.

श्वास नाही. नुसती ती ओढ.

धाकटे, माझा दंड सोड जरा. रक्त थांबलं.

तो कसा उठला त्याला आठवत नाही. बाहेर पडायची वाट त्याच खोलीतून. भिंतीला खांदा घासत, मशीनकडे न बघता, जीव मुठीत धरून तो रस्त्यावर आला. आठ वाजून एकवीस मिनिटं झाली होती. कुलूप लावलं की नाही याची शुद्ध नव्हती. घरी आल्यावर दिसलं, फांदी मुठीतच होती. काट्यांनी तळवा फाटला होता. आणि शर्टाचं दुसरं बटण गेलं होतं.

डोळा बांधायची ताकद उरलीच नव्हती. त्याने फांदी पेल्यात पाणी घालून खिडकीत ठेवली. शेजारी जंगली गुलाबाची कुंडी होतीच. बायकोला काही बोलला नाही. अंगावर पांघरूण ओढून पडून राहिला.

सकाळी पेल्यात फांदी होती, पण तिच्यावर तीनच डोळे. चौथा कुंडीतल्या खोडावर बसवलेला होता. निळ्या दोऱ्याने बांधून. दोऱ्याला मेण. शेवटी तीन वेढे, गाठ आत.

नऊ वाजून दहा मिनिटांनी ती कुंडी त्याने माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी भिंग लावून बघितलं. ज्या हाताने ते बांधलं होतं तो थरथरत नव्हता, एवढं मी सांगू शकतो.

मग आम्ही दोघं मास्तरकडे गेलो. कुलूप लावलेलं होतं. मशीनवरची चादर जशीच्या तशी, तिच्यावर दोन महिन्यांची धूळ, धुळीवर एक बोट उमटलेलं नाही. परसात नळ घट्ट बंद होता. बटण आम्ही वाकून वाकून शोधलं, मिळालं नाही. उरलेले तीन दिवस पाणी मीच घातलं, भर दुपारी.

मला वाटलं होतं, भेदरलेला माणूस आता मऊ पडेल. रडेल, माफी मागेल. पण जळणं इतक्या सहज विझत नाही, पोरांनो. दुपारी भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला. "चोरी केली तर तीसुद्धा करू दिली नाही. मेल्यावरही देणारा तोच."

मी म्हणालो, "एकवीस दिवसांनी दोरा सोड म्हणजे झालं."

"नाही सोडणार."

"अरे, कोंब मरेल."

"मरू दे. त्याचा एक तरी डोळा मेलेला मला बघायचाय."

तो खरंच म्हणाला असं. मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही. कुंडी त्याने घरी नेली, खिडकीत ठेवली आणि रोज बघत राहिला. दोरा सालीत रुतत चालला होता. त्याची बायको एकदा कात्री घेऊन गेली, तर हा तिच्या अंगावर खेकसला.

एकविसावा दिवस, नऊ डिसेंबर, शुक्रवार. माझं शटर अर्धं वर गेलं होतं, तेवढ्यात तो खाली वाकून आत शिरला. बसला. मग मूठ उघडली.

"दोरा सुटलाय," तो म्हणाला. "कोंब फुटलाय, बोटभर. आणि कुंडीच्या काठावर… हे होतं."

त्याच्या शर्टाचं दुसरं बटण. त्याच्यावर तो निळा दोरा गुंडाळून ठेवलेला. मास्तर दोऱ्याचा तुकडा कधी फेकायचा नाही. असाच जुन्या बटणावर गुंडाळायचा, पुन्हा कामाला येईल म्हणून.

चष्मेवाल्याने ते माझ्यासमोर ठेवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आवाजात राग होता, दोन्ही एकदम. मला म्हणाला, "एवढं बटण तरी ठेवून घ्यायचं होतं त्याने माझं."

वहिनी परत आल्या होत्या. त्या दिवशी कुंडी घेऊन तो त्यांच्याकडे गेला आणि सगळं कबूल केलं. वहिनी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "असू द्या भावजी, तुमच्याकडेच वाढवा. हे असते तर हेच म्हणाले असते." म्हणजे तिकडूनही पुन्हा देणंच पदरात पडलं. ते झाड त्याच्या दारात अजून फुलतं. तो रोज पाणी घालतो, मुळाशी, पानांवर एक थेंब पडू देत नाही. फुलाला मात्र हात लावत नाही, आणि कोणी चांगलं म्हटलं की आत निघून जातो.

बटण त्याला घरात नको होतं. ते माझ्याकडे आहे, घड्याळाच्या सुट्या भागांच्या डबीत. आज खिशात घालून आणलंय.

धाकटे, हात पुढे कर. घाबरतेस काय, बटणच आहे. लाव आता तुझा मोबाइल, बघ नीट. दोऱ्याचं मेण अजून बोटाला चिकटतं. मी तो कधी उलगडला नाही, चष्मेवाल्यानेही नाही. शेवटी तीन वेढे आहेत बघ. गाठ कुठे आहे, ती शोधून दाखव.